मातीत डिझेल सांडलं? जंतू विकत आणू नका, आहेत त्यांनाच खायला घाला

मे अखेरीस होडी वर ओढून शाकारायच्या धांदलीत आमच्या परसात डिझेलचा कॅन कलंडला आणि पाचेक लिटर जमिनीत जिरलं, विहीर तिथून वीस पावलांवर, त्यामुळे जीव अक्षरशः कासावीस झाला. तेव्हा जे केलं ते सांगतो.

पहिलं म्हणजे पाणी मारू नका, साबण पावडर तर अजिबात नको, त्याने डिझेल उलट खाली उतरतं. ओलं आहे तोवर वर लाकडाचा भुसा नाहीतर भाताचं तूस टाका, आणि वास येतो तेवढी माती खणून काढा. विडी-काडी लांब.

आता लोक म्हणतात तेल खाणारे जंतू बाटलीत मिळतात ते आण. माझं मत, घरच्या कामाला गरज नाही. आनंद मोहन चक्रवर्ती म्हणून आपले बंगालचे शास्त्रज्ञ, अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिक कंपनीत असताना त्यांनी कच्चं तेल फोडणारा स्यूडोमोनास नावाचा जंतू तयार केला, 1972 मध्ये पेटंटचा अर्ज केला आणि 1980 मध्ये तिथलं सुप्रीम कोर्ट 5 विरुद्ध 4 मतांनी त्यांच्या बाजूने गेलं, सजीवावर पेटंट मिळालं, केवढी मोठी गोष्ट! पण तो जंतू खऱ्या तेलगळतीवर कधी सोडलाच नाही. उलट मार्च 1989 मध्ये अलास्कात एक्झॉन वाल्डेझ जहाज फुटून चार कोटी लिटरच्या आसपास तेल सांडलं तेव्हा तिथल्या दगडगोट्यांवर जंतू नाही, खत फवारलं. कारण तेल खाणारे जंतू तिथे आधीपासून होतेच, तेलात कार्बन भरपूर पण नत्र आणि स्फुरद जवळपास नाही, म्हणून ते उपाशी होते. आपल्या मातीतही तेच आहे.

तर खणलेली माती ताडपत्रीवर घ्या, विहिरीपासून लांब, उंचवट्यावर. पाच लिटरला निदान दहा-बारा घमेली माती होऊ दे, कमी पडली तर चांगली माती मिसळा, मातीत तेलाचं प्रमाण फार असलं तर जंतूच मरतात. त्यात दोन-तीन घमेली कुजलेलं शेणखत आणि हवा खेळायला पेंढा नाहीतर नारळाचा काथ्या. खताचं गणित साधारण 100 भाग कार्बनला 10 नत्र 1 स्फुरद असं सांगतात, त्या हिशेबाने पाच लिटर डिझेलला पाऊण किलो युरिया आणि दीड-दोनशे ग्रॅम डीएपी (नत्र-स्फुरदाचं खत) होतो, पण एकदम ओतू नका, दर आठवड्याला थोडा थोडा द्या. आपली जांभ्याची माती आंबट, म्हणून मूठ-दोन मुठी चुना लागतो, शिंपल्यांचा असला तरी चालेल, फक्त चुना आणि युरिया एका दिवशी नको, नत्र अमोनिया होऊन उडून जातो.

ओल किती? मूठ आवळली की लाडू वळला पाहिजे पण पाणी गळता कामा नये. आठवड्यातून एकदा फावड्याने खालवर करा, हे चुकवू नका, या जंतूंना हवा लागते आणि दाबून ठेवलेल्या ढिगात काम जवळपास थांबतं. कोकणातली ऊब त्यांना मानवते, शत्रू एकच, पाऊस. वर ताडपत्री, त्यावर झावळ्या, भोवती चर. पावसाचं पाणी ढिगातून वाहिलं तर सगळी मेहनत विहिरीत.

डिझेलला दोन-चार महिने धरा. इंजिनाचं जळकं ऑइल असेल तर खूप जास्त वेळ लागतो, शिवाय त्यातलं शिसं वगैरे धातू कुठलाच जंतू खात नाही, ती माती वेगळीच ठेवा. आणि किनाऱ्यावर डांबराचे गोळे आले किंवा समुद्रात तवंग दिसला तर हे प्रयोग करू नका, ग्रामपंचायतीला आणि कोस्ट गार्डला कळवा.

झालं की नाही बघायला काचेच्या ग्लासात पाणी घेऊन मूठभर माती ढवळा, अर्धा तास ठेवा. वर इंद्रधनुष्यी तवंग आला तर अजून महिनाभर खालवर करा. आमचा तवंग गणपतीनंतर गेला, वासही गेला, तरी ती माती मी भाजीच्या वाफ्यात घातली नाही, गडग्याकडेच्या जास्वंदीला घातली.