युलिशच्या सुपरकॉम्प्युटरवर आपलं सॉफ्टवेअर टाकताना

जर्मनीतल्या युलिश संशोधन केंद्रात पीएचडीसाठी आलेल्या आपल्या मुलामुलींचा पहिल्याच आठवड्यात एक प्रश्न ठरलेला असतो: सुपरकॉम्प्युटरवर खातं मिळालं, पण सुडो (प्रशासकाचे अधिकार देणारी आज्ञा) चालत नाही, आता सॉफ्टवेअर टाकायचं कसं? सुडो इथे कुठल्याच वापरकर्त्याला मिळत नाही आणि त्यावाचून काही अडतही नाही. आयसर पुण्याच्या परम ब्रह्म या सुपरकॉम्प्युटरवर काम केलं असेल तर मॉड्यूल लोड, म्हणजे आधीच बसवलेलं सॉफ्टवेअर वापरात घेण्याची आज्ञा, तुमच्या ओळखीची आहे. इथेही सुरुवात तिथूनच.

आधी मॉड्यूल स्पायडर चालवून हवं ते पॅकेज शोधा. इथली मंडळी इझीबिल्ड हे साधन वापरून भरपूर सॉफ्टवेअर याच यंत्रांसाठी बांधून ठेवतात. कम्पायलर, एमपीआय (अनेक प्रोसेसना एकमेकींशी बोलू देणारी लायब्ररी), कुडा (जीपीयूवर गणित चालवण्यासाठी) आणि जमल्यास मशीन लर्निंगचं पायटॉर्चसुद्धा तिथूनच उचला. स्वतः टाकायचं ते फक्त त्यावर उरेल तेवढंच.

एमपीआयबद्दल मी आग्रहाने सांगतो. कोंडा या पॅकेज मॅनेजरमधून एमपीआयचं पायथन पॅकेज घेतलं की ते स्वतःची एमपीआय सोबत आणतं, आणि तिचं इथे जॉब चालवणाऱ्या स्लर्मशी जुळेलच असं नाही. मग तुम्ही चार प्रोसेस मागता आणि चारही जणी छापतात ‘रँक ०, साइझ १’, म्हणजे प्रत्येकीला वाटतं आपण एकटीच आहोत (रँक म्हणजे प्रोसेसचा क्रमांक, साइझ म्हणजे एकूण प्रोसेस). एकच गणित चारदा चालू असतं, एररही येत नाही आणि प्रोजेक्टच्या वाट्याचे कोअर-तास मात्र संपत जातात. म्हणून मोठा जॉब टाकण्याआधी रँक आणि साइझ छापणारी दोन ओळींची चाचणी कराच.

पायथनसाठी मॉड्यूल लोड करून प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये व्हेन्व, म्हणजे पायथन पॅकेजेसचं स्वतंत्र एन्व्हायर्नमेंट, तयार करा. होममध्ये (तुमच्या वैयक्तिक फोल्डरमध्ये) नको, कारण तिथे जागेइतकीच फायलींच्या संख्येवरही मर्यादा असते आणि एका एन्व्हायर्नमेंटमध्ये हजारो बारक्या फायली येतात. स्क्रॅच या तात्पुरत्या साठ्यावर तर नकोच, ९० दिवस हात न लागलेल्या फायली तिथून आपोआप पुसल्या जातात. पायथन पॅकेजेस टाकणाऱ्या पिपचा ‘युजर’ पर्यायही टाळा: ती पॅकेजेस होममधल्या लपलेल्या फोल्डरमध्ये बसतात आणि पुढे भलत्याच प्रोजेक्टमध्ये डोकं वर काढतात.

लोड करायच्या मॉड्यूल्सची यादी एका छोट्या स्क्रिप्टमध्ये लिहा आणि तीच स्क्रिप्ट इन्स्टॉल करताना आणि जॉबमध्येही सोर्स करा, म्हणजे त्याच शेलमध्ये चालवा. निम्म्या तक्रारी इथेच मिटतात.

युलिशच्याच ज्युवेल्स या सुपरकॉम्प्युटरवरून नव्या ज्युपिटरवर जाणार असाल तर सगळं नव्याने बांधावं लागेल. २०२५च्या सप्टेंबरमध्ये उद्घाटन झालेल्या ज्युपिटरच्या ग्रेस हॉपर चिपमधला प्रोसेसर आर्म पद्धतीचा आहे, ज्युवेल्सचा एक्स८६ पद्धतीचा, आणि एकासाठी बांधलेलं सॉफ्टवेअर दुसऱ्यावर चालत नाही. प्रत्येक यंत्रासाठी वेगळा फोल्डर ठेवा.

आणि अडलात तर सपोर्टला मेल लिहा. गाइडला मधे घालायची गरज नाही, तुम्ही नवे आहात म्हणून इथे कुणी कमी लेखत नाही. जॉब क्रमांक, मॉड्यूल लिस्टचं आउटपुट आणि एररचा पूर्ण मजकूर कॉपी करून जोडा, स्क्रीनशॉट नको.