रिटची लॅटिन नावं: सातारा-सांगलीच्या ज्युनिअर वकिलांसाठी

सनद हातात पडल्यावर सातारा किंवा सांगलीच्या कोर्टात बसायला लागलं की सुरुवातीला कानावर पडणारे शब्द म्हणजे निशाणी ५, रोजनामा, नक्कल, वकीलपत्र, कॅव्हेट ("मला ऐकल्याशिवाय हुकूम देऊ नका" अशी कोर्टात आधीच दिलेली सूचना). हेबियस कॉर्पस, सर्शिओरारी हे रिटचे, म्हणजे सरकारी अधिकाऱ्याला किंवा खालच्या यंत्रणेला वरच्या न्यायालयानं काढायच्या आदेशाचे, शब्द लॉ कॉलेजच्या पेपरात लिहिलेले असतात आणि तिथंच राहिलेले असतात. मग सिनिअर सांगतात, "यात रिट टाकावी लागेल, ड्राफ्ट कर." बहुतेक ज्युनिअर तेव्हा जुना नमुना उघडतात आणि विनंतीच्या परिच्छेदात पाचही नावं ओळीनं ठोकून देतात. अशी याचिका नावामुळे फेटाळली जात नाही, पण आपल्याला नेमकं काय हवंय हे ड्राफ्ट करणाऱ्यालाच कळलेलं नाही, एवढं न्यायाधीशांना पहिल्या पानावर कळतं.

आधी जागा पक्की करा. जिल्हा न्यायालय रिट काढत नाही. अनुच्छेद २२६ खाली उच्च न्यायालय काढतं, आणि मूलभूत हक्कांसाठी अनुच्छेद ३२ खाली सर्वोच्च न्यायालय. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात बसतंय आणि सातारा, सांगली, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग, कोल्हापूर या सहा जिल्ह्यांची कामं तिथं चालतात. पूर्वी विटा किंवा दहिवडीचा पक्षकार मुंबईच्या नावानंच गळपटायचा, आता तो स्वतःच विचारतो, "साहेब, कोल्हापूरला टाकायची का?" त्यामुळे रिटचं प्राथमिक ज्ञान तालुक्याच्या वकिलालाही लागतं. निदान "यात रिट होत नाही" हे ठामपणे सांगता येण्यापुरतं तरी.

नावांचा एक घोळ सुरुवातीलाच मिटवू. हेबियस कॉर्पस, मँडॅमस, प्रोहिबिशन, को वॉरंटो आणि सर्शिओरारी या पाच रिटना संविधानाच्या मराठी प्रतीत अनुक्रमे देहोपस्थिती, महादेश, प्रतिषेध, क्वाधिकार आणि प्राकर्षण असे शब्द आहेत. स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकांत त्याच क्रमानं बंदी प्रत्यक्षीकरण, परमादेश, प्रतिषेध, अधिकारपृच्छा आणि उत्प्रेषण. कोर्टात यातलं कुणीच काही बोलत नाही. तिथं लॅटिनच चालतं. इंग्लंडनं मात्र सर्शिओरारीला क्वॉशिंग ऑर्डर आणि मँडॅमसला मँडेटरी ऑर्डर करून टाकलं, को वॉरंटोची जुनी कार्यवाही तर १९३८ मध्येच बंद केली. आपल्याकडे ही नावं संविधानात लिहिलेली आहेत, त्यामुळे ती राहणार.

आता ज्युनिअरच्या वाट्याला सगळ्यात जास्त येणारं काम. दिवाणी दाव्यात दावा दुरुस्तीचा अर्ज नामंजूर झाला, कोर्ट कमिशनर नेमायला नकार मिळाला, किंवा कागद उशिरा दाखल करू दिले नाहीत. या हुकमांवर अपील नाही, म्हणून उच्च न्यायालयात जायचं. ही याचिका अनुच्छेद २२७ ची, म्हणजे खालच्या न्यायालयांवरच्या देखरेखीच्या अधिकाराची. तिच्यात सर्शिओरारी मागायची नसते. दिवाणी न्यायालयाच्या न्यायिक हुकमाविरुद्ध २२६ खाली सर्शिओरारी चालत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१५ मध्ये राधेश्याम विरुद्ध छबीनाथ या निकालात स्पष्ट केलं आणि २००३ चा सूर्यदेव राय निकाल तेवढ्यापुरता बदलला. जुने नमुने त्याआधीचे असतात, म्हणून ही चूक अजून उतरत राहते.

निशाणी ५ चा मनाईअर्ज नामंजूर झाला म्हणून थेट रिट टाकायची नाही. त्या हुकमावर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर ४३ खाली जिल्हा न्यायालयात किरकोळ दिवाणी अपील आहे. ते संपल्यावर २२७. पक्षकाराला घाई असते, गावातला कुणीतरी "हायकोर्टातून स्टे आण" म्हणून सांगतो, पण वाट सोडून वर गेलात तर पहिल्याच तारखेला परत याल आणि मधले आठवडे वाया जातील.

मग सर्शिओरारी कुठं लागते? निम-न्यायिक अधिकाऱ्यानं हुकूम दिला असेल तिथं: प्रांत, अपर जिल्हाधिकारी, सहकार खात्याचे निबंधक, एखादं न्यायाधिकरण. मूळ लॅटिनचा रोख "नीट माहिती मिळावी" असा आहे. वरचं न्यायालय खालचं दप्तर मागवून तपासायचं. आजही "आर अँड पी मागवा" म्हणतात ते हेच, रेकॉर्ड अँड प्रोसीडिंग. यात मिळणारा दिलासा म्हणजे हुकूम रद्द. कारणं मोजकीच: अधिकारच नव्हता किंवा अधिकाराबाहेर गेले, ऐकून न घेता निर्णय दिला, किंवा दप्तरावर उघड दिसणारी कायद्याची चूक. पुरावा पुन्हा तोलून मागायचा नाही. "साक्षीदारावर विश्वास ठेवायला नको होता" अशा मुद्द्यांनी भरलेली याचिका म्हणजे अपीलच. फक्त मथळा रिटचा.

फेरफाराचं उदाहरण घ्या. मंडळ अधिकाऱ्यानं हरकत असताना नोंद मंजूर केली. यावर लगेच रिट नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम २४७ खाली प्रांताकडे अपील आहे, त्यापुढेही वाट आहे. पर्यायी उपाय असताना रिट टाकायची असेल तर १९९८ च्या व्हर्लपूल निकालातला एखादा अपवाद दाखवावा लागतो: मूलभूत हक्काचा प्रश्न, नैसर्गिक न्यायाचा भंग, अधिकारच नसताना केलेली कार्यवाही, किंवा कायद्याच्या वैधतेलाच आव्हान. नुसतं "उपाय परिणामकारक नाही" असं लिहून भागत नाही. का नाही ते एका परिच्छेदात तारखांसह सांगा.

प्रोहिबिशन ही सर्शिओरारीचीच आधीची पायरी. हुकूम व्हायच्या आत, अधिकार नसलेल्या कार्यवाहीला थांबवायला. व्यवहारात ती एकटी क्वचितच मागतात.

मँडॅमस म्हणजे "आम्ही आज्ञा देतो". आपल्या दोन जिल्ह्यांत ही खरी उपयोगाची रिट, आणि सर्वात जास्त चुकाही हिच्यातच होतात. अधिकाऱ्यावर कायद्यानं टाकलेलं काम असलं पाहिजे, ते करून घेण्याचा तुमच्या पक्षकाराला हक्क असला पाहिजे, त्यानं मागणी केलेली असली पाहिजे आणि अधिकाऱ्यानं नकार दिलेला किंवा गप्प बसलेला असला पाहिजे. यातली मागणीच बहुतेक वेळा राहून गेलेली असते. पक्षकार सांगतो, "मी वीस वेळा कचेरीत गेलो." त्याचा कागद कुठाय?

उसाच्या बिलाचं बघा. ऊस नियंत्रण आदेश १९६६ प्रमाणे ऊस दिल्यापासून १४ दिवसांत एफआरपी (सरकारनं ठरवलेला उसाचा किमान दर) द्यायची, उशीर झाला तर वर्षाला १५ टक्के व्याज. कारखान्यानं पैसे थकवले तर याचिका नेमकी कुणाविरुद्ध मांडायची हा खरा प्रश्न. साखर आयुक्तांना थकबाकीची वसुली महसुली थकबाकीसारखी करायचं प्रमाणपत्र जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठवता येतं, आरआरसी म्हणतात ते. तेव्हा आधी आयुक्तांकडे अर्ज: वजनपावत्या, ऊस गेल्याच्या तारखा, मिळालेली रक्कम, बाकी रक्कम, व्याजाचा हिशोब. रजिस्टर पोस्टानं किंवा आवक शिक्का घेऊन. वाजवी मुदत जाऊ द्यायची, मग स्मरणपत्र, आणि मग रिट. विनंती अशी नेमकी असावी: अमुक तारखेच्या अर्जावर इतक्या आठवड्यांत, ऐकून घेऊन, कायद्याप्रमाणे निर्णय द्यावा. "अर्जदाराला न्याय मिळावा" अशी विनंती म्हणजे काहीच न मागणं. दुसरी गोष्ट, अमुकच निर्णय द्या असा महादेश सहसा मिळत नाही. निर्णय घ्या, एवढाच मिळतो. पक्षकाराला हे आधी सांगून ठेवा.

पतसंस्थेनं ठेव परत दिली नाही म्हणून संस्थेवरच मँडॅमस मागणारे ड्राफ्टही येतात. सहकारी संस्था केवळ नोंदणीकृत आहे म्हणून ती अनुच्छेद १२ मधलं "राज्य" होत नाही. सहकारी बँकेबद्दल सर्वोच्च न्यायालयानं २००६ मध्ये एस. एस. राणा प्रकरणात हेच म्हटलं. संस्था आणि सभासदाचा वाद महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ९१ खाली सहकार न्यायालयात जातो. रिट टाकायचीच तर निबंधकानं कायद्यानं सांगितलेलं कोणतं काम केलं नाही ते शोधा.

हेबियस कॉर्पस म्हणजे डांबून ठेवलेल्या माणसाला कोर्टापुढे हजर करायची रिट; ती फौजदारी रिट म्हणून दोन न्यायाधीशांच्या खंडपीठापुढे चालते. तिला माणूस स्वतः लागत नाही. नातेवाईक, मित्र कुणीही दाखल करू शकतो. आपल्याकडे ती दोन प्रकारांत येते. एक, मुलगी घर सोडून गेली आणि आईवडिलांना वाटतं तिला डांबून ठेवलंय. आधी पोलीस ठाण्यात मिसिंग दाखल केल्याची प्रत लावा. मुलगी सज्ञान असेल आणि न्यायाधीशांसमोर "मी माझ्या मर्जीनं गेले" म्हणाली की याचिका तिथंच संपते, आणि हे पालकांना आधीच स्पष्ट सांगायला हवं. जन्मतारखेचा दाखला पहिल्या दिवशी बघा, बाकी सगळं नंतर.

दुसरा प्रकार स्थानबद्धतेचा, म्हणजे १९८१ चा एमपीडीए, धोकादायक समजल्या गेलेल्या माणसाला खटल्याशिवाय स्थानबद्ध करण्याचा राज्याचा कायदा. हे काम पूर्णपणे तारखांचं आहे. कागदावर एक तक्ता आखा: हुकमाची तारीख, शेवटच्या गुन्ह्याची तारीख, ताब्यात घेतल्याची तारीख, कारणं दिल्याची तारीख (५ दिवसांच्या आत), शासनानं मंजुरी दिल्याची तारीख (१२ दिवसांच्या आत), सल्लागार मंडळाकडे पाठवल्याची तारीख (३ आठवड्यांच्या आत). मग प्रत्येक पान वाचा. ज्याला फक्त मराठी येतं त्याला इंग्रजी वैद्यकीय दाखल्याचा मराठी तर्जुमा दिलाय का, कुठली प्रत इतकी पुसट आहे का की वाचताच येत नाही, निवेदनाचा निकाल किती दिवस रखडला. बऱ्याच याचिका अशाच एका पानावर जिंकल्या जातात. तडीपारी मात्र वेगळी; ती अटक नव्हे. पोलीस अधिनियमाच्या कलम ६० खाली ३० दिवसांत शासनाकडे अपील, नंतर रिट, आणि तीही हुकूम रद्द करण्यासाठी.

रिमांड देऊन कोठडीत ठेवलेल्या आरोपीसाठी हेबियस सहसा नाही. तिथं जामीन.

को वॉरंटो, "कोणत्या अधिकारानं?". कायद्यानं निर्माण झालेल्या सार्वजनिक पदावर पात्रता नसलेला माणूस बसला असेल तर ती लागते. गावाकडे लोकांना सरपंचाविरुद्ध टाकायची असते. निवडणुकीचा मुद्दा असेल तर ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १५ खाली निकालापासून १५ दिवसांत निवडणूक अर्ज. अपात्रतेचा असेल तर जिल्हाधिकाऱ्यांकडे. ते १५ दिवस हुकलेला पक्षकार को वॉरंटोचं नाव घेऊन येतो, पण नाव बदललं म्हणून मुदत परत येत नाही.

हुकमातली लॅटिनही वाचता यायला हवी, कारण संध्याकाळी पक्षकाराचा फोन येतो, "काय झालं?" नुसतं "रूल" लिहिलं असेल तर याचिका दाखल करून घेतली, एवढाच अर्थ, जिंकलो असा नाही. पूर्ण नाव रूल नायसाय. "रूल अॅब्सोल्यूट" म्हणजे मंजूर, "रूल डिस्चार्ज" म्हणजे नामंजूर. "इन लिमिने" फेटाळली म्हणजे उंबरठ्यावरूनच परत. अॅड-इंटरिम म्हणजे समोरच्याला पूर्ण ऐकण्याआधीचा तात्पुरता हुकूम. समोरच्याला प्रत न देता, न ऐकता तो मिळवला असेल तर अनुच्छेद २२६(३) लक्षात ठेवा: त्यानं तो उठवायचा अर्ज केला आणि २ आठवड्यांत निकाल झाला नाही, तर हुकूम आपोआप संपतो. "सुओ मोटो" सगळेच लिहितात, शुद्ध रूप "सुओ मोटू". आणि समोरच्यानं खालच्या कोर्टात कॅव्हेट लावली असेल तर तिची मुदत ९० दिवसांची. रिट टाकण्याआधी कोल्हापुरात त्यानं कॅव्हेट ठेवलीय का, ते बघून घ्या.

शेवटी कागद. आव्हान दिलेल्या हुकमाची नक्कल हातात असल्याशिवाय ड्राफ्टला बसू नका, आणि रोजनाम्याची नक्कलही त्याच अर्जात मागा. अर्ज कधी दिला, किती तारखा पडल्या हे तिथूनच सिद्ध होतं. अनुच्छेद २२६ ला ठरलेली मुदत नाही, पण विलंबाचा मुद्दा पहिल्याच प्रश्नात येतो, म्हणून नक्कल अर्जाची आणि मिळाल्याची तारीख तारखांच्या यादीत लिहा. पुसट सातबारा, हाताने लिहिलेले जुने फेरफार टंकलिखित करून सोबत लावा, नाहीतर ऑब्जेक्शन निघतं आणि ते काढायला कुणीतरी परत कोल्हापूर गाठतं. विनंतीत आपल्याला हवी ती एक रिट नावानं मागा आणि पुढे "किंवा इतर योग्य रिट, आदेश अथवा निदेश" हे शब्द ठेवा. अनुच्छेद २२६ ची भाषाच तशी आहे, आणि इंग्लंडच्या जुन्या तांत्रिक चौकटीत अडकायची गरज नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं १९५४ मध्येच टी. सी. बसप्पा प्रकरणात म्हटलंय. त्याच विनंतीच्या परिच्छेदात हुकमाची तारीख, प्रकरण क्रमांक आणि निशाणी क्रमांक बिनचूक घाला. निशाणी चुकली तर दुरुस्तीसाठी आणखी एक तारीख जाते.