बिव्हेरिया वाढवायचाय? आधी कूलर बंद करा

बिव्हेरिया म्हणजे किडी मारणारी बुरशी, तिची माझी पहिली बॅच मी मे महिन्यात केली होती. बाहेर ४५ डिग्री, खोलीत कूलर सुरू, अन मी आपला स्पिरिट लॅम्प पेटवून प्लेटा टोचत, म्हणजे अगारच्या प्लेटांवर बुरशीचं बी लावत बसलो. चौथ्या दिवशी पाहतो तर सगळ्या प्लेटा हिरव्या-काळ्या, पांढरा बिव्हेरिया शोधून सापडेना. कूलरच्या ओल्या ताटीत वर्षभराची बुरशी बसलेली असते बाप्पा, ती सगळी मी पंख्याने प्लेटेवर उडवत होतो. कूलर बंद करावा तर खोली ३८ डिग्री, अन या बुरशीला लागतात २५ ते २८, पस्तिशीच्या वर ती जवळपास थांबूनच जाते. म्हणून एसी किंवा इनक्युबेटर नसेल तर नागपुरात उन्हाळ्यात हा उद्योग करूच नका. खरिपासाठी माल पाहिजे तर जूनच्या शेवटी, पाऊस पडून खोली थंड झाली की सुरू करा.

आता कोणती बुरशी घ्यायची ते. अळ्या, तुडतुडे, संत्र्यावरचा सायला यांच्यासाठी बिव्हेरिया बॅसियाना, जमिनीतल्या हुमणीसाठी मेटारायझियम, पांढरी माशी, मावा अन पिठ्या ढेकणासाठी लेकॅनिसिलियम. तिघींचं काम सारखंच, बीजाणू किड्याच्या अंगाला चिकटतो, तिथंच उगवतो, कातडी विरघळवून आत शिरतो अन आतून पोखरतो. किड्यानं ते खायची गरज नाही, म्हणूनच रस शोषणाऱ्या किडींवरही चालतं. पण मरायला चार ते दहा दिवस लागतात, सकाळी फवारून संध्याकाळी मेलेल्या अळ्या मोजायला जाणाऱ्यानं याच्या नादी लागू नये.

मदर कल्चर, म्हणजे ज्यातून पुढचं सगळं वाढवायचं ते मूळ शुद्ध बी, मात्र चांगल्या ठिकाणचंच घ्या. बंगळुरूची कीटक संशोधन संस्था एनबीएआयआर, चंदीगडचा सूक्ष्मजीव संग्रह एमटीसीसी, किंवा आपल्या कृषी विद्यापीठाच्या कीटकशास्त्र विभागात विचारा. दुकानातल्या पुडीतून कल्चर काढायचा शहाणपणा मीही केलाय, त्यात बिव्हेरियासोबत अजून तीन पाहुणे निघाले.

प्लेटसाठी पीडीए, म्हणजे बटाटा-डेक्स्ट्रोज-अगार चालतं. २०० ग्रॅम बटाटा उकळून गाळलेलं पाणी, २० ग्रॅम डेक्स्ट्रोज, २० ग्रॅम अगार, सगळं मिळून एक लिटर. चिमूटभर यीस्ट एक्स्ट्रॅक्ट टाकलं तर बीजाणू जास्त येतात असा माझा अनुभव. मग ऑटोक्लेव्हमधे, म्हणजे दाबाच्या वाफेनं निर्जंतुक करणाऱ्या भांड्यात, १५ पौंड प्रेशर, १२१ डिग्री, २० मिनिटं. टोचायच्या वेळी पंखा बंद, खिडकी बंद, टेबल ७० टक्के अल्कोहोलनं पुसलेलं, अन मास्क लावा कारण याच्या बीजाणूंची काहींना ॲलर्जी होते.

अन इथं एक गोष्ट डोक्यात पक्की ठेवा, ही बुरशी हळू वाढते. प्लेट भरायला बिव्हेरियाला दोन आठवडे लागतात, त्यामुळे तीन-चार दिवसात प्लेट भरली की खुश व्हायचं नाही, ती तुमची नाहीच. काळे ठिपके अन कापसासारखी वर चढणारी असेल तर रायझोपस, पिवळट हिरवी पावडर म्हणजे बहुतेक ॲस्परजिलस, ती तर उघडूच नका, तशीच ऑटोक्लेव्ह करून फेका. सगळ्यात जास्त फसगत मेटारायझियममधे होते काहून की तोही आधी पांढरा अन मग हिरवा होतो, ट्रायकोडर्माही हिरवाच. फरक वेगाचा, ट्रायकोडर्मा तीन-चार दिवसात सगळं व्यापून टाकतो, मेटारायझियम आठवड्यानंतर कुठं हिरवा पडायला लागतो.

मोठ्या प्रमाणावर वाढवायला तांदळासारखं काही नाही. नागपूरच्या इतवारीत ठोक बाजारात कणी स्वस्त मिळते पण फार बारीक घेऊ नका, गोळा होतो अन मधे हवा जात नाही. तांदूळ दोन-तीन तास भिजवायचा, पाणी पूर्ण निथळायचं, हातात घेतला तर दाणे सुटे राहिले पाहिजेत. आपल्याला इथं भात करायचा नाहीये. पॉलिप्रॉपिलीनच्या पिशवीत १०० ग्रॅम भरून तोंडाला पीव्हीसी पाइपचा तुकडा अन कापसाचा बोळा लावायचा. ऑटोक्लेव्ह नसेल तर घरचा प्रेशर कुकर चालतो, शिट्ट्या मोजायच्या नाहीत, पहिली शिट्टी झाली की गॅस बारीक करून ४५ मिनिटं धरायचं, अन दुसऱ्या दिवशी पुन्हा एकदा. पिशवी पूर्ण थंड झाल्याशिवाय टोचायची नाही.

टोचायला दोन आठवड्याची प्लेट घ्या, निर्जंतुक पाण्यात दोन-चार थेंब ट्वीन-८० (साबणासारखं मिसळवणारं द्रव्य) टाकून बीजाणू खरवडा, त्यातले पाच मिली एका पिशवीला. ट्वीन नसेल तर बीजाणू पाण्यावर तरंगतात, मिसळतच नाहीत. चौथ्या-पाचव्या दिवशी पांढरी जाळी दिसली की पिशवी बाहेरूनच चोळून गाठी फोडायच्या, मग पंधराव्या दिवसाच्या आसपास दाण्यांवर मैदा भुरभुरल्यासारखं दिसेल. आंबट वास किंवा चिकट पाणी दिसलं तर बॅक्टेरिया आहेत, पिशवी गेली.

आता मोजणी. हिमोसायटोमीटर म्हणजे मायक्रोस्कोपखाली मोजायची चौकोन आखलेली काच, तिच्या १ चौरस मिमीच्या चौकोनात जेवढे बीजाणू दिसले त्याला १०,००० नं गुणायचं अन मग जेवढं पातळ केलं तेवढ्यानं. म्हणजे १०० पट पातळ करून सरासरी ४० दिसले तर एका मिलीत ४ कोटी. पण मोजलेले सगळे जिवंत असतातच असं नाही, म्हणून अगारवर एक थेंब ठेवून २४ तासांनी मायक्रोस्कोपखाली बघा. शंभरातले ८५ तरी उगवले नाहीत तर मी ती बॅच फवारत नाही.

स्वतःच्या शेतासाठी असेल तर पावडरच्या भानगडीत पडू नका. वाळवणं, चाळणं, टाल्कमधे मिसळणं, ओलावा ८ टक्क्यांच्या खाली ठेवणं, फार किचकट आहे ते. सरळ तांदूळ ट्वीनच्या पाण्यात धुवा, मलमलच्या कपड्यातून दोनदा गाळा नाहीतर नोझल तुंबते, अन त्याच दिवशी संध्याकाळी फवारा. संध्याकाळीच, कारण उन्हातला यूव्ही बीजाणूंना मारतो, शिवाय त्यांना उगवायला रात्रभराची ओल लागते. ऑगस्टमधे सोयाबीन दाटलेलं असतं तेव्हा हे मस्त चालतं, ऑक्टोबर हिटमधे पैसे पाण्यात. बुरशीनाशकासोबत टाकीत मिसळायचं नाही हे सांगायची गरज नसावी पण लोक मिसळतात. विकायचं असेल तर १९६८ च्या कीटकनाशक कायद्याखाली नोंदणी लागते, शेजाऱ्याला पैशानं एक पिशवी देणं ही पण विक्रीच.

भंडारा-गडचिरोलीकडं कोणी टसर रेशमाचे किडे पाळणारे असतील तर त्यांच्या आसपास बिव्हेरिया अजिबात नको. ही बुरशी पहिल्यांदा ओळखली गेली तीच मुळी रेशमाच्या किड्यांचा रोग म्हणून, इटलीत अगोस्टिनो बास्सी यांनी १८३५ मधे ते दाखवलं अन त्यांच्यावरूनच बॅसियाना हे नाव.

फवारल्यावर आठवड्यानं शेतातून मेलेल्या, कडक झालेल्या अळ्या वेचून आणा अन ओल्या फिल्टर पेपरवर बंद डबीत ठेवा. दोन-तीन दिवसात सांध्यांतून पांढरी बुरशी बाहेर आली तर तिनंच मारलं हे नक्की. ती अळी फेकू नका. प्लेटेवरून प्लेटेवर नेत राहिलं की बुरशीची मारायची ताकद कमी होत जाते, किड्यातून गेली की परत येते, म्हणून त्याच अळीवरून नवीन प्लेट टोचा, शुद्ध करा, स्लँटवर, म्हणजे तिरप्या अगारच्या नळीत घेऊन तारीख लिहून फ्रीजमधे ४ डिग्रीला ठेवा. पुढच्या जूनचं मदर कल्चर ते. घरच्या फ्रीजमधे मात्र नको, आमच्याकडं आईनं एकदा खराब दही समजून तीन स्लँट धुवून टाकल्या होत्या.