सोलापूरजवळच्या निवांत जागा : या चुका टाळा

"सोलापूरजवळ गर्दी नसलेलं काहीतरी सांगा ओ," असं आठवड्यातून एक जण तरी विचारतो. मी सांगतो. सोमवारी तोच तोंड पाडून येतो. तिथं काहीच नव्हतं म्हणे, चहासुद्धा मिळाला नाही. अहो, जिथं माणसंच येत नाहीत तिथं टपरी कोण टाकेल? कडक भाकरी, शेंगाचटणी, कांदा आणि माणशी तीन लिटर पाणी घेतल्याशिवाय मी घर सोडत नाही.

सगळ्यात जास्त लोक फसतात ते मोबाईलच्या नकाशाला. मीही फसलोय. हत्तरसंग-कुडलला, भीमा-सीनेच्या संगमावर, पुतण्याला घेऊन निघालो होतो. विजापूर रोड सोडल्यावर तो मागून म्हणाला, "काका, इकडनं अकरा मिनिटं वाचतात." आदल्या रात्री पाऊस पडून गेला होता आणि वाचणारी ती अकरा मिनिटं उसातल्या पाणंदीतून जात होती. आपली काळी माती भिजली की चाकाला नुसती चिकटत नाही, मडगार्डमध्ये गच्च बसते. दोनशे पावलांवर पुढचं चाकच फिरेना. तुराटी घेऊन चिखल खरवडायचा, दहा पावलं ढकलायचं, पुन्हा खरवडायचं. दोन तास गेले. बांधावर बसलेले एक आजोबा सगळं बघत होते. शेवटी म्हणाले, "मोबाईलला इचारलं, मला का नाही इचारलं?"

देवळात पोचलो तेव्हा अंधारून आलं होतं. 359 मुखं कोरलेलं शिवलिंग टॉर्चच्या उजेडात पाहिलं, पण ज्यासाठी गेलो होतो तो संगमेश्वर मंदिरातला शके 940चा, म्हणजे 1018 सालचा शिलालेख धड दिसला नाही. जो हे वाचेल तो विजयी होईल, अशा अर्थाची मराठी ओळ आहे त्यात. आम्ही न वाचताच परत! तेव्हापासून माझी सवय एकच. डांबरी सोडायची वेळ आली की गाडी थांबवायची आणि पहिला माणूस दिसेल त्याला विचारायचं. पावसानंतर दोन दिवस कच्च्या वाटेला जायचंच नाही, मग नकाशा काहीही म्हणो.

हंगाम न बघता निघणं ही दुसरी हौस. नळदुर्गचे नर-मादी धबधबे एप्रिलमध्ये बघायला गेलात तर बंधाऱ्याची कोरडी भिंत दिसेल. उजनी धरणाच्या पाण्यातलं पळसदेवचं जुनं देऊळ भर पावसाळ्यात शोधाल तर नुसतं पाणी दिसेल, ते उन्हाळ्यात पाणी उतरल्यावर उघडं पडतं. आणि मे महिन्यात दुपारी बाराला माचणूरच्या नदीघाटावर अनवाणी उतरू नका. एवढंच सांगतो.

नान्नजबद्दल मात्र मला राग येतो. माळढोक पक्ष्यासाठी 1979 साली जाहीर झालेलं हे अभयारण्य म्हणजे लोकांना प्राणिसंग्रहालय वाटतं. गेल्या गेल्या विचारतात, "कुठाय तो?" आता तो दिसणं अतिशय दुर्मीळ झालंय, हे घरूनच मनात पक्कं करून जा. काळवीट दिसतील, नशीब असेल तर लांडगा. प्रवेशाची वेळ आणि परवानगी वनखात्याकडे आधी विचारून घ्या. एकदा एक टोळकं 'फक्त एक रील' म्हणत गवतात घुसलं होतं. माळढोक झाडावर घरटं करत नाही, उघड्या जमिनीवर अंडं घालतो, तेही बहुधा एकच. तुमचा बूट कुठं पडतोय ते तुम्हाला कळणारही नाही.

अर्ध्या दिवसात चार ठिकाणं उरकणाऱ्यांना मी हल्ली पत्ताच सांगत नाही. हिप्परग्याच्या तलावावर जा म्हणतो, जवळ आहे. थंडीत पहाटे जाऊन तासभर गप्प बसता आलं, तर पुढचं विचारायला या. आतापर्यंत दोघं आलेत.