सर्वांत जबर ठोसा कोणाचा? हेवीवेटचा हा वाद घालताना या चुका टाळा

हेवीवेट, म्हणजे सर्वांत जड वजनगटाच्या मुष्टियुद्धाच्या इतिहासात सर्वांत जबर ठोसा कोणाचा, हा वाद जुना आहे आणि तो रंगतोही. पण बहुतेक वेळा तो पुढे सरकत नाही, कारण वाद घालणाऱ्या प्रत्येकाच्या मनात प्रश्न वेगळा असतो. एकाला हातातली निव्वळ ताकद अभिप्रेत असते, दुसऱ्याला प्रतिस्पर्ध्याला संपवण्याचे कौशल्य, तर तिसरा कळत नकळत थोर मुष्टियोद्धा कोण याचीच चर्चा करत असतो. या लेखात प्रश्न एकच धरला आहे : नेमका बसलेला एक ठोसा कोणाचा सर्वाधिक घातक होता? त्याचे उत्तर शोधताना होणाऱ्या चुकांपैकी काही अगदी साध्या आहेत, तर काही जाणकारांनाही चकवतात.

पहिली आणि सर्वांत मोठी चूक म्हणजे नॉकआउटच्या टक्केवारीवर विसंबणे. टक्केवारी काढताना एकूण लढती धरायच्या की फक्त विजय, हे आधी ठरवावे लागते. जॉर्ज फोरमनने 81 लढतींपैकी 76 जिंकल्या आणि त्यातल्या 68 नॉकआउटने. विजयांच्या हिशेबाने हे प्रमाण सुमारे 89 टक्के येते, तर सर्व लढतींच्या हिशेबाने 84 टक्के. एका बाजूने पहिला आकडा आणि दुसऱ्या बाजूने दुसरा आकडा ठेवून झालेले वाद कमी नाहीत. याहून गंभीर बाब अशी की नोंदींमधला 'नॉकआउट' हा एकाच प्रकारचा निकाल नसतो. पंचाने लढत थांबवली, डॉक्टरांनी जखम पाहून थांबवली किंवा प्रतिस्पर्धी पुढच्या फेरीसाठी उठलाच नाही, तरी ती लढत त्याच रकान्यात जाते. 25 फेब्रुवारी 1964 रोजी मायामीत सनी लिस्टन खांद्याच्या दुखापतीचे कारण देऊन सातव्या फेरीसाठी स्टुलावरून उठला नाही. ती लढत मुहम्मद अलीच्या नॉकआउट विजयांत मोजली जाते. पण तिच्यावरून अलीच्या ठोशाच्या ताकदीचे अनुमान काढणे चुकीचे ठरेल. व्हिटाली क्लिच्कोच्या 45 विजयांत 41 नॉकआउट आहेत आणि जो लुईच्या 66 विजयांत 52. केवळ टक्केवारी पाहिली तर क्लिच्को लुईच्या बराच पुढे जातो, परंतु क्लिच्कोने अनेकांना फेरीमागून फेरी झिजवून थांबवले, तर लुईचा जेमतेम काही इंचांचा उजवा ठोसा समोरच्याला जागीच कोसळवत असे. हा फरक कोणत्याही टक्केवारीत दिसत नाही.

टक्केवारीत प्रतिस्पर्ध्यांचा दर्जाही दिसत नाही. अमेरिकन हेवीवेट डिऑन्टे वाइल्डरच्या नॉकआउटची नोंद पाहताना हे विशेष लक्षात ठेवावे. जानेवारी 2015 मध्ये बर्मेन स्टिव्हर्न त्याच्यासमोर पूर्ण बारा फेऱ्या टिकला आणि नोव्हेंबर 2017 मध्ये तोच स्टिव्हर्न पहिल्याच फेरीत गारद झाला. दुसऱ्या लढतीपूर्वी स्टिव्हर्न दोन वर्षे रिंगमध्ये उतरला नव्हता, हे त्या पहिल्या फेरीबरोबर सांगितलेच पाहिजे. वाइल्डरचा उजवा हात अस्सल होता यात मला शंका नाही; सुमारे 96 किलो वजनाच्या माणसाने आपल्यापेक्षा कितीतरी धिप्पाड टायसन फ्युरीला 2018 मध्ये दोनदा खाली पाडले. पण त्याचा पुरावा या लढतीत आहे, टक्केवारीत नाही.

दुसरी चूक म्हणजे ठोशाची ताकद आणि विजय यांची सरमिसळ. 1970च्या दशकातला ठोसेबाज अर्नी शेव्हर्स याचे नाव निघाले की 'तो तर जगज्जेता कधी झालाच नाही' हे वाक्य लगेच येते. ते खरे आहे, पण या प्रश्नाशी त्याचा संबंध नाही. शेव्हर्स लवकर थकत असे, त्याचा बचाव कच्चा होता आणि 1973 मध्ये जेरी क्वारीने त्याला पहिल्याच फेरीत हरवले. त्याच वर्षी त्याने माजी विजेता जिमी एलिसला एका फेरीत झोपवले होते. हात तोच होता. दोष हाताचा नव्हता. हाच न्याय पडून उठणाऱ्यांनाही लावावा लागतो. 28 सप्टेंबर 1979 रोजी सातव्या फेरीत शेव्हर्सच्या उजव्या ठोशाने लॅरी होम्स धाडकन कोसळला, तरी उठला आणि अकराव्या फेरीत जिंकला. ठोसा कमी पडला म्हणून होम्स उठला असे त्यातून निघत नाही. सावरणे हा मार खाणाऱ्याचा गुण आहे, आणि त्याची वजाबाकी मारणाऱ्याच्या खात्यातून करणे अन्यायाचे आहे.

एकाच क्षणाच्या चित्रफितीवरून निष्कर्ष काढणे टाळावे. 23 सप्टेंबर 1952 रोजी फिलाडेल्फियात रॉकी मार्सियानोने तेराव्या फेरीत जर्सी जो वॉलकॉटला ज्या उजव्या ठोशाने संपवले, तो हेवीवेटच्या इतिहासातला सर्वांत परिपूर्ण ठोसा म्हणावा असाच आहे. मात्र वॉलकॉट त्याच क्षणी स्वतः उजवा ठोसा मारण्याच्या बेतात होता आणि त्याची हनुवटी उघडी होती. न दिसलेला ठोसा दिसलेल्यापेक्षा नेहमीच अधिक लागतो, कारण त्यासाठी मान आवळायला अवधी मिळत नाही. माइक टायसनच्या बाबतीत तर ही चूक उलट्या बाजूनेही होते. मायकेल स्पिंक्सला त्याने 1988 मध्ये 91 सेकंदांत संपवले हे सर्वांनी पाहिलेले असते; पण 1987 मध्ये 'बोनक्रशर' स्मिथ आणि टोनी टकर त्याच्यासमोर बारा बारा फेऱ्या उभे राहिले हे फार थोड्यांनी. स्मिथने तर लढतीचा बराच वेळ मिठी मारूनच काढला. टायसनचा धोका वेगात आणि एकामागून एक येणाऱ्या ठोशांत होता, आणि त्यांच्यासाठी लागणारे अंतरच प्रतिस्पर्ध्याने मिळू दिले नाही की तो धोका पुष्कळ उतरत असे.

ज्यांनी प्रत्यक्ष मार खाल्ला त्यांची साक्ष मोलाची असते, पण तीही जशीच्या तशी स्वीकारू नये. आपण ज्याला हरवले त्याचा ठोसा भयंकर होता असे सांगण्यात सांगणाऱ्याचाही मान वाढतो. तरीही होम्सची साक्ष मला वजनदार वाटते. शेव्हर्सने त्याला एकदा पाडले आणि तो जिंकला. टायसनने जानेवारी 1988 मध्ये त्याला चौथ्या फेरीत तीनदा पाडून लढत संपवली. असे असूनही अधिक जोराचा ठोसा शेव्हर्सचाच होता, असे होम्स सांगत आला. निकालाच्या विरुद्ध जाणारी साक्ष अधिक विश्वासार्ह असते, आणि टायसनसमोर उभा असलेला होम्स 38 वर्षांचा व जवळजवळ दोन वर्षे लढतींपासून दूर होता, हेही त्या साक्षीशी जुळते.

यातूनच सर्वांत उपयुक्त पद्धत पुढे येते, आणि सर्वांत फसवी चूकही तिच्यातच आहे. पद्धत अशी की दोन ठोसेबाजांची तुलना दोघांशीही लढलेल्या प्रतिस्पर्ध्यावरून करावी. चूक अशी की तसे करताना त्या प्रतिस्पर्ध्याचे वय आणि स्थिती विसरली जाते. केन नॉर्टनला फोरमनने 1974 मध्ये दुसऱ्या फेरीत, शेव्हर्सने 1979 मध्ये पहिल्या फेरीत आणि जेरी कूनीने 1981 मध्ये 54 सेकंदांत संपवले. केवळ वेळ पाहिली तर कूनी सर्वांत जबर ठरतो. परंतु फोरमनसमोरचा नॉर्टन 30 वर्षांचा होता, शेव्हर्ससमोरचा 35 आणि कूनीसमोरचा 37 वर्षांचा. या तीन निकालांत नॉर्टनची उतरण जितकी दिसते, तितकी तिघांच्या ठोशांची चढण दिसत नाही.

रॉन लायलचे उदाहरण याहून कितीतरी स्वच्छ आहे. सप्टेंबर 1975 मध्ये तो शेव्हर्सशी लढला आणि चारच महिन्यांनी, जानेवारी 1976 मध्ये, फोरमनशी. माणूस तोच, वय तेच, दम तोच. शेव्हर्सने त्याला दुसऱ्या फेरीत पाडले, तरी लायलने सहाव्या फेरीत लढत जिंकली. फोरमननेही त्याला पाडले, स्वतः दोनदा पडला आणि अखेरीस पाचव्या फेरीत सलग ठोशांचा मारा करून त्याला संपवले. या दोन लढती शेजारी शेजारी पाहिल्यावर माझे मत ठरले : एका ठोशाच्या बाबतीत शेव्हर्स, आणि ज्याचा प्रत्येक ठोसा, अगदी हातावर अडवलेलासुद्धा, जड पडत असे असा फोरमन. किंग्स्टनमध्ये 22 जानेवारी 1973 रोजी जो फ्रेझर दोन फेऱ्यांत सहा वेळा पडला, तो याच दुसऱ्या प्रकारच्या ताकदीने.

यंत्रावर मोजलेल्या आकड्यांची तुलना करताना आधी मोजमाप कशाचे आहे ते पाहावे. 1985 मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये ब्रिटिश हेवीवेट फ्रँक ब्रुनोच्या ठोशाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. टांगलेल्या, गादी लावलेल्या लक्ष्यावर त्याच्या मुठीचा वेग सेकंदाला 8.9 मीटर आणि कमाल बल 4096 न्यूटन भरले. वेगळ्या उपकरणावर, वेगळ्या लक्ष्यावर घेतलेला दुसऱ्या कोणाचा आकडा याच्या शेजारी ठेवता येत नाही. शिवाय टांगलेले लक्ष्य स्वतःहून बाजूला होत नाही, चुकवत नाही आणि उलट मारतही नाही. ब्रुनोने 1995 मध्ये जगज्जेतेपद मिळवले ते ऑलिव्हर मॅकॉलला गुणांवर हरवून.

काळाचा फरक मात्र फार तपशिलात न जाताही सांगता येतो. मार्सियानो ज्या वजनात लढला, त्या सुमारे 84 किलोंचा माणूस आज हेवीवेटमध्ये उभाच राहणार नाही. आजचे ग्लोव्ह्ज 10 औंसांचे आहेत, पूर्वीचे हलके होते. नियमही वेगळे होते. 4 जुलै 1919 रोजी टोलेडोत जॅक डेम्प्सीने जेस विलार्डला पहिल्या फेरीत सात वेळा पाडले, तेव्हा पाडणाऱ्याने दूरच्या कोपऱ्यात जाण्याचे बंधन नव्हते. विलार्ड उठताक्षणी डेम्प्सी पुन्हा त्याच्यावर तुटून पडत होता. त्यामुळे डेम्प्सीची ताकद तोलायची असेल, तर 85 किलोंच्या माणसाच्या डाव्या हूकने (कोपर वाकवून बाजूने मारलेल्या ठोशाने) 111 किलोंचा विलार्ड पहिल्यांदा खाली गेला ते पडणे पुरावा म्हणून घ्यावे, आणि पुढची सहा त्यापासून वेगळी मोजावीत.