इंजिनिअरिंगनंतर एमबीबीएस: आधी बारावीची मार्कशीट काढा

बीई झाल्यावर डॉक्टर व्हायचं ठरलं की बहुतेक जण थेट क्लासच्या चौकशीला लागतात. त्याआधी बारावीची मार्कशीट काढून बघा. भारतात एमबीबीएसचा प्रवेश नीट-यूजी या देशपातळीवरच्या प्रवेश परीक्षेच्या गुणांवर मिळतो आणि पात्रता बारावीवर ठरते. बीईचा सीजीपीए, गेटचा स्कोअर, नोकरीचा अनुभव, यातलं काहीही मेरिटमध्ये धरत नाहीत. वयाला वरची मर्यादा मात्र आता उरलेली नाही.

बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी आणि इंग्रजी हवं; पहिल्या तीन विषयांत (पीसीबी) मिळून खुल्या प्रवर्गाला किमान ५० टक्के, एससी, एसटी, ओबीसींना ४०. पीसीएमबी, म्हणजे गणितासोबत बायोलॉजीही घेतलेल्यांचा प्रश्न इथेच मिटतो. बायोलॉजीऐवजी इलेक्ट्रॉनिक्स किंवा कॉम्प्युटर सायन्स घेतलं असेल, तर राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नोव्हेंबर २०२३ च्या सूचनेप्रमाणे बायोलॉजी बारावीनंतर जादा विषय म्हणून मान्यताप्राप्त बोर्डातून पास केलेली चालते. एनआयओएस या राष्ट्रीय मुक्त शाळेत त्यासाठी ‘पार्ट अ‍ॅडमिशन’, म्हणजे फक्त हव्या त्या विषयापुरता प्रवेश, मिळतं. परीक्षा वर्षातून दोनदा होते, पण नोंदणी कित्येक महिने आधी बंद होते, आणि इथेच अनेकांचं वर्ष जातं. प्रॅक्टिकल चुकवू नका, त्यात वेगळं पास व्हावं लागतं. दहावीनंतर डिप्लोमा करून थेट इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला गेलेल्यांकडे तर बारावीच नसते; त्यांना ती पीसीबी आणि इंग्रजीसह पूर्ण करावीच लागते.

आता अभ्यास. २०२५ च्या पेपरमध्ये १८० मिनिटांत १८० प्रश्न होते, गुण ७२०. त्यात बायोलॉजीचे ९० प्रश्न, म्हणजे ३६० गुण. फिजिक्सचे फक्त ४५ प्रश्न. इंजिनिअर मात्र फिजिक्सवरच रेंगाळतो, कारण ते जमतं. उतारावरच्या ठोकळ्याचं गणित पहिल्यापासून मांडत बसलात तर चार मिनिटं जातात, आणि तेवढ्यात बायोलॉजीचे सहा-सात प्रश्न होतात. बायोलॉजीत तर्क फारसा वाचवत नाही. उदाहरणार्थ, मूत्रपिंडातल्या हेन्लेच्या वळणाची उतरती भुजा पाणी जाऊ देते, चढती जवळपास नाही. पर्यायात नेमकी हीच अदलाबदल असते. एनसीईआरटीच्या पाठ्यपुस्तकाची ओळ न् ओळ, आकृत्यांखालच्या नावांसकट, निदान चार-पाच वेळा वाचलेली हवी. पहिले तीन महिने दोनतृतीयांश वेळ बायोलॉजीला द्या, उरलेल्यात इनऑरगॅनिक केमिस्ट्रीला आधी हात घाला. सराव पेपर सोडवताना बायोलॉजी ४५ मिनिटांत, केमिस्ट्री ५५, फिजिक्स ७० आणि दहा मिनिटं तपासणीला, असा हिशेब ठेवा. चुकीच्या उत्तराला एक गुण कापला जातो, म्हणून चारपैकी एकही पर्याय बाद करता येत नसेल तर प्रश्न सोडून द्या.

कागदपत्रं निकालाआधीच जमवा. महाराष्ट्राच्या ८५ टक्के राज्य कोट्यासाठी साधारणपणे डोमिसाइल लागतं आणि दहावी-बारावी दोन्ही राज्यातूनच झालेली लागते. म्हणून एनआयओएसचं केंद्रही इथलंच घ्या. इंजिनिअरिंग कॉलेजचा दाखला आणि मधल्या वर्षांचं गॅपचं प्रतिज्ञापत्र तयार ठेवा. डिग्री अर्धवट सोडली असेल तर थकलेल्या फीपायी मूळ मार्कशीट अडकून पडू शकते, तेव्हा तो व्यवहार आधी संपवा.