मॉस आणि नेचे यांच्या जीवनचक्रांची तुलना कशी करावी

या अभ्यासासाठी मुंबईकरांना लांब जावे लागत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये जुन्या चाळीच्या दगडी भिंतीवर मॉसचा हिरवा थर दिसतो आणि त्याच भिंतीच्या फटीत, सांडपाण्याच्या पाइपाशेजारी, नेचेही उगवलेले असते. सोबत दहापट मोठे दाखवणारे भिंग ठेवावे.

आधी मॉस पाहावे. थरातील प्रत्येक पानेदार रोपटे युग्मकधारी असते, म्हणजे युग्मके (नर-मादी पेशी) तयार करणारी पिढी; त्याच्या पेशींत गुणसूत्रांचा एकच संच असतो. त्यातून वर आलेला केसासारखा दांडा आणि टोकावरची इवलीशी कुपी ही पुढची पिढी, बीजाणुधारी, म्हणजे बीजाणू (धुळीसारखे प्रजननाचे कण) तयार करणारी. तिच्यात दोन संच असतात. चिमट्याने दांडा हळूच ओढल्यास त्याचा तळ रोपट्यात रुतलेला जाणवतो, कारण पाणी आणि बरेचसे अन्न त्याला तेथूनच मिळते. कुपी मातीत रुजत नाही. तिच्यातून सांडलेल्या बीजाणूंपासून आधी हिरवे तंतू आणि मग नवी रोपटी तयार होतात.

मग नेच्याचे पान उलटावे. भिंतींवर सर्रास आढळणाऱ्या टेरिस व्हिटाटा या नेच्याच्या पर्णिकांच्या (पानाच्या लहान भागांच्या) कडा आत दुमडलेल्या असतात आणि त्या दुमडीखाली बीजाणुधान्यांची (बीजाणू धरणाऱ्या पिशव्यांची) तपकिरी पट्टी असते. हे संपूर्ण झाड बीजाणुधारी असल्यामुळे त्याची तुलना मॉसच्या रोपट्याशी नव्हे, तर दांडा-कुपीशी करावी. विद्यार्थी नेमके येथेच चुकतात.

नेच्याचा युग्मकधारी म्हणजे प्रोथॅलस. तो काही मिलिमीटरचा, हृदयाकृती असतो आणि भिंतीवर सहज सापडत नाही, म्हणून तो घरी वाढवणे बरे. पिकलेले पान कागदात घडी घालून ठेवावे, खाली पडलेली बीजाणूंची भुकटी उकळते पाणी ओतून थंड केलेल्या विटेवर भुरभुरावी आणि वीट पारदर्शक झाकणाच्या डब्यात, थेट उन्हापासून दूर, ओलसर ठेवावी. काही आठवड्यांनी हिरव्या चकत्या दिसू लागल्या की वरून पाण्याचा हलका फवारा मारावा. कारण पुंयुग्मकांना (नर पेशींना) अंडपेशीपर्यंत पोहत जावे लागते. ही अट मॉसलाही आहे, मात्र त्याच्या पुंयुग्मकाला दोनच कशाभिका (पोहण्यासाठीचे शेपटीसारखे तंतू) असतात, नेच्याच्या पुंयुग्मकाला अनेक. फलनानंतर चकतीखालून पहिले पान फुटते, मुळे धरतात आणि प्रोथॅलस सुकून जातो.

आता तक्ता करावा. ‘कोण कोणावर अवलंबून’ हा रकाना सर्वांत आधी भरावा, कारण उंची आणि आयुष्य यांतील फरक बराचसा त्यातूनच उलगडतो. अर्धसूत्री विभाजन (गुणसूत्रांचे दोन संच एकावर आणणारे पेशीविभाजन) मात्र दोन्हीकडे बीजाणू तयार होतानाच होते. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात गेल्यास नमुने तोडू नयेत, छायाचित्रे घ्यावीत.